१ जीबीपीएसची लाइन असूनही डेटा १०० एमबीपीएसनेच का जातो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या ऑफिसातला ४० टीबी डेटा फ्रँकफर्टच्या डेटा सेंटरला हलवायचाय. लीज्ड लाइन (फक्त तुमच्यासाठीची भाड्याची जोडणी) १ जीबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १०० कोटी बिटची; पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत यायचा वेळ, १५० मिलिसेकंद; पण आरसिंक (फाइली दुसऱ्या मशीनवर उतरवणारा प्रोग्रॅम) १०० एमबीपीएसच्या वर सरकत नाही. तर १० जीबीपीएसची लाइन घ्यावी का?

नका घेऊ. पैसे जातील आणि वेग तसूभरही वाढणार नाही.

आपण इंदूरचे, म्हणून नर्मदेचंच उदाहरण घेतो. १९७८ पासून आपलं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर पाइपातून येतं. समजा तिथे नियम केला, की दोन टाक्या सोडायच्या आणि इंदूरहून ‘पोचलं’ असा निरोप येईपर्यंत पंप बंद. मग पाइप कितीही रुंद घाला, तो बहुतेक वेळ रिकामाच. टीसीपीचं, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवायच्या नियमांचं, असंच आहे. पोच न आलेला डेटा किती वाटेत असू द्यायचा याला मर्यादा असते, तिला विंडो म्हणतात. १ जीबीपीएस गुणिले १५० मिलिसेकंद म्हणजे १५ कोटी बिट, ८ बिटांचा एक बाइट धरून जवळजवळ १९ एमबी. एवढा डेटा सतत वाटेत असेल तरच तुमची लाइन भरते.

तुम्ही आरसिंक बहुधा एसएसएचवरून (दोन मशीनमधली सांकेतिक, सुरक्षित जोडणी) चालवत असाल. ओपनएसएसएच या त्यासाठीच्या नेहमीच्या प्रोग्रॅमची टीसीपीहून वेगळी, स्वतःची विंडो असते, साधारण २ एमबीची. दर १५० मिलिसेकंदांना २ एमबी, म्हणजे ११० एमबीपीएसच्या आसपास. तुमचा आकडा इथूनच आलाय! मी पहिल्यांदा असं काम केलं तेव्हा दोन दिवस नुसते कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे) बफर, म्हणजे डेटा तात्पुरता ठेवायची जागा, वाढवत बसलो होतो, आणि अडसर एसएसएचमध्ये होता. म्हणून हे इतकं सविस्तर सांगतोय.

फोल्डर वाटून आठ आरसिंक एकदम सुरू करा, प्रत्येकाला स्वतंत्र एसएसएच जोडणी मिळेल. किंवा व्हीपीएनच्या (दोन ऑफिसांमधला सुरक्षित खासगी मार्ग) आत आरसिंक डीमन, म्हणजे मागे सतत चालू राहणारा आरसिंक, चालवून एसएसएच टाळा; मात्र तेव्हा दोन्हीकडचे टीसीपी बफर ३२ एमबीपर्यंत वाढवावे लागतील. वाटेत पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) गळत असतील तर पाठवणाऱ्या सर्व्हरवर बीबीआर लावा (टीसीपीचा वेग ठरवायची पद्धत, गूगलने २०१६ मध्ये आणलेली). लाखो बारीक फाइली असतील तर आधी टार करा, म्हणजे एकाच मोठ्या फाइलीत बांधा.

१०० एमबीपीएसने ४० टीबीला ३७ दिवस लागतात, लाइन पूर्ण भरली तर पावणेचार.

डिस्क पाठवण्याचा विचारही चुकीचा नाही. २०१९ मध्ये कृष्णविवराचं पहिलं चित्र आलं, त्याचा डेटा दुर्बिणींकडून हार्ड डिस्कवरच विमानाने गेला होता. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा संपेपर्यंत अडकून होत्या. तुम्हाला मुंबईला पाठवायचं असतं तर मीच म्हटलं असतं, २० टीबीच्या दोन डिस्क घेऊन रात्रीच्या अवंतिका एक्सप्रेसने जा. पण सेकंदाला २०० एमबीने अशी एक डिस्क भरायलाच २८ तास, तिकडे उतरवायला पुन्हा तितकेच, आणि जर्मनीसाठी कस्टम्स वेगळं. तुमची लाइन नीट भरली तर तीच बरी.

मधल्या दिवसांत बदललेल्या फाइलींसाठी शेवटी काम थांबवून आरसिंक पुन्हा एकदा फिरवा. दोन्हीकडचे चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळल्याशिवाय इंदूरची एकही फाइल पुसू नका.