आधी तिला वाचू दे

प्रिय मित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. सेमी इंग्रजीच्या दहावीतल्या एका मुलीला तू घरी जाऊन सगळे विषय शिकवतोस, दीड तासात बीजगणित, विज्ञान, भूगोल आणि इंग्रजी कसे बसवावे हे तुला उमगत नाही, आणि पहिल्या घटक चाचणीचे गुण पाहून तिच्या वडिलांनी ‘पोर्शन कधी संपणार?’ असे विचारल्यापासून तुझी झोप उडाली आहे. सोबतचे वेळापत्रकही पाहिले. ते सुबक आहे, पण शाळेचेच वेळापत्रक तू तिच्या घरी नेले आहेस, आणि शाळेत जे तिला मिळत नाही त्यासाठी त्यात एकही तास ठेवलेला नाही. तू काय काय समजावून सांगितलेस हे पत्रात सविस्तर आहे; तिने पुस्तकातले काय वाचून दाखवले याचा मात्र कुठेही उल्लेख नाही.

आधी तिला वाचू दे, मोठ्याने. एखादे शाब्दिक उदाहरण घे: दोन अंकी संख्या आणि तिच्या अंकांची अदलाबदल करून मिळणारी संख्या यांची बेरीज ११० आहे, एकक स्थानचा अंक दशक स्थानच्या अंकापेक्षा ४ ने मोठा आहे, तर मूळ संख्या कोणती? समीकरणे मांडून दिलीस तर ती ३७ हे उत्तर बिनचूक काढील, कारण रीत तिच्याकडून घोटवून घेतलेली आहे. तिची अडचण समीकरणांच्या आधीची आहे. असे उदाहरण तिच्यासमोर इंग्रजीत येते, ती वाक्य अर्ध्यावर सोडते, आकडे तेवढे उचलते आणि सुचेल ती क्रिया करून मोकळी होते. वही तपासून हे कळत नाही, कारण वहीत फळ्यावरून उतरवलेले बरोबर उत्तर असते. वर्गातल्या पन्नास मुलांपैकी प्रत्येकाचे वाचन ऐकायला शिक्षकांना सवड नसते. तुला ती आहे, आणि तू ती स्वतः बोलण्यात घालवतोस!

सगळे विषय एकट्याने शिकवण्याला तू ओझे म्हणतोस. माझ्या मते तुझी खरी सोय तीच आहे. आठवीच्या विज्ञानात तिने वस्तुमानाला आकारमानाने भागून घनता काढली होती. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना करताना लोकसंख्येला क्षेत्रफळाने भागायचे असते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात दर चौरस किलोमीटरला ३८२ माणसे राहतात, हा आकडा ती पाठ करते, पण तो भागाकारातून आला आहे हे तिच्या गावीही नसते. भूगोलाच्या बाईंना तिची भागाकाराची भीती दिसत नाही आणि गणिताच्या सरांना भूगोलातले पाठांतर दिसत नाही. दोन्ही एकाच मुलीत पाहणारा तू एकटा आहेस. भागाकाराचा अर्थ पाचवीत निसटला असेल, तर पाचवीचे पुस्तक उघड आणि तेही तिलाच वाचू दे.

तू अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचा दाखला दिला आहेस. स्वतंत्र शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी वर्गात शिकणाऱ्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो, असे त्यांनी १९८४ मध्ये मांडले हे खरे. नंतरच्या अभ्यासांत इतका मोठा फरक क्वचितच आढळला, हेही खरे. शिवाय त्या प्रयोगांत शिकवणीच्या मुलांच्या वरचेवर चाचण्या होत, चुकलेले दुरुस्त करून घेतले जाई आणि मगच पुढचा घटक सुरू होई. नुसते शेजारी खुर्ची टाकून बसल्याने त्यातले काहीही साधत नाही.

माझ्या काही शिकवण्या याच हट्टापायी सुटल्या. एका घरी सहामाहीनंतर मला ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगण्यात आले. त्या मुलाला तेव्हा कुठे प्रश्न शेवटपर्यंत वाचता येऊ लागला होता. त्याचे पुढे काय झाले ते मला कधी कळले नाही, आणि ती खंत अजून आहे. थोडी तडजोड केली असती तर शिकवणी टिकली असती, असे घरचे म्हणत. टिकली असती, पण मग गाईडमधली उत्तरे त्याच्या वहीत उतरवून देण्याबद्दल मी दरमहा पैसे घेतले असते. त्याला शिकवणी म्हणायला मी आजही तयार नाही, आणि या वयात माझे मत बदलेल अशी आशाही कोणी धरू नये.

तिच्या वडिलांशी मात्र नीट बोल. पोर्शन शाळाही संपवते आणि क्लासही संपवतो. तिसऱ्यांदा संपवून गुण वाढणार नाहीत, हे त्यांना स्पष्ट सांग. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ असल्याने एक विषय सोडून दिला तरी चालेल, असे ते सुचवतील. पण वाचनाची अडचण सगळ्याच विषयांत असताना सोडायचा कोणता? दिवाळीनंतर सराव प्रश्नपत्रिका घे, वेळ लावून घे, आणि तपासताना चुकलेला प्रत्येक प्रश्न तिच्याकडून पुन्हा वाचून घे. निम्म्या चुका तिला वाचतानाच सापडतील. तोवर तुला गप्प बसता आले पाहिजे, आणि तुला तेच जड जाणार हे मला ठाऊक आहे.

अपेक्षित प्रश्नसंच तिच्या दप्तरात असला तर असू दे, त्यावरून घरात वाद नको. फी महिन्याच्या सुरुवातीलाच मागून घे. त्यात संकोच करू नकोस. पुढच्या पत्रात तिचे गुण नकोत. ती कोणत्या वाक्यावर अडखळली ते लिही.

तुझा,
जुना शिक्षक