पुढचं दार सगळ्यांचं

प्रश्न : आमची टॉवेल आणि चादरी निर्यात करणारी कंपनी आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मुख्यालयाची इमारत आतून-बाहेरून नव्यानं करायची ठरली आहे. सव्वाशेच्या आसपास माणसं आहेत. वर ऑफिस, खाली तपासणी आणि पॅकिंग. पुण्याच्या डिझायनरनी आराखडा दिला आहे : रस्त्याकडची, म्हणजे पश्चिमेची बाजू सगळी काचेची, आत मोकळा हॉल, उंच स्टुलांचा कॅफे आणि एक खेळाची खोली. ‘सर्वसमावेशक, कर्मचाऱ्यांचं ऑफिस’ असं त्यावर लिहिलंय. पण पॅकिंगच्या बायका पूर्वीसारख्याच मागच्या गेटनं येणार. पुढच्या दाराला पाच पायऱ्या आहेत. मालक म्हणतात, “आपल्याकडे व्हीलचेअरवर कुणीच नाही, मग उतार कशाला?” मी प्रशासन सांभाळते. त्यांच्यापुढे काय मांडू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, कॅफे थोडे दिवस बाजूला ठेवा आणि मागच्या गेटापासून सुरुवात करा. साहेब आणि ग्राहक पुढून येतात आणि टॉवेलची घडी घालणारी बाई मालाच्या ट्रकांमधून वाट काढत आत शिरते, अशी इमारत कितीही सजवली तरी सगळ्यांची होत नाही. पुढचं दार सगळ्यांसाठी उघडा. माझ्या लेखी हा मुद्दा बाकी सगळ्याच्या आधी येतो. यात खर्चही फार नाही, हजेरीचं मशीन पुढे आणावं लागेल एवढंच.

मालकांना सांगा, व्हीलचेअरवरचा माणूस तुमच्याकडे नाही कारण त्याला आत येताच येत नाही. त्याचा अर्जही तुमच्यापर्यंत पोचत नाही. शिवाय दारात फक्त नोकरीतली माणसं येत नाहीत. पीएफच्या कागदांसाठी निवृत्त कामगार येतात, गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी चढत. पाय प्लास्टरमध्ये असलेला ड्रायव्हर येतो. आठव्या महिन्यातली अकाउंटंट तर रोज येते. उताराचं प्रमाण १:१२ ठेवायचं, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. सहा इंचांच्या पाच पायऱ्या म्हणजे अडीच फूट, त्याला तीस फूट उतार लागेल. भिंतीलगत मध्ये एकदा वळवला की मावतो. वळणावर दीड मीटर सपाट जागा सोडा, दोन्ही बाजूंना कठडा द्या. आणि वर छप्पर हवंच. मे महिन्यात सोलापूरच्या दुपारी उन्हातल्या स्टीलच्या कठड्याला हात लावता येत नाही.

कायदाही हाताशी ठेवा. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम खासगी कंपन्यांनाही लागू आहे. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर समान संधी धोरण जाहीर करायचं असतं आणि त्यासाठी संपर्क अधिकारी नेमायचा असतो. शिवाय मातृत्वाच्या वेगळ्या कायद्यानं, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर द्यावं लागतं, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आलं पाहिजे. खेळाची खोली जिथं दाखवली आहे तिथं पाळणाघर बसतं का, ते आधी बघा.

काचेला माझा ठाम विरोध आहे. इथं उन्हाळ्यात पारा ४३ अंशांवर जातो आणि तीन वाजल्यानंतर पश्चिमेची भिंत भाजून काढते. त्या काचेला लागून बसणार कोण? बिलं करणारी पोरं. पश्चिमेला जिना, रेकॉर्ड रूम, स्वच्छतागृहं टाका, म्हणजे ऊन त्या खोल्या सोसतील आणि माणसं आतल्या बाजूला राहतील. उजेड उत्तरेकडून घ्या. आपल्या गावाला हे शिकवावं लागत नाही. कापड गिरण्यांच्या शेडची करवती दातांची छपरं याचसाठी होती : कापडातला दोष दिसायला दिवसभर सारखा, डोळ्यांवर न येणारा उजेड लागतो. तुमच्या तपासणीच्या टेबलांना आजही तोच लागतो. म्हणून खाली उत्तरेच्या खिडक्या तपासणीला द्या, वर स्क्रीनसमोर आठ तास बसणाऱ्यांना. केबिनला दुसरी बाजू चालेल.

मोकळ्या हॉलबद्दल एक गोष्ट बाहेरच्या डिझायनरच्या सहज लक्षात येणार नाही. सोलापुरात ऑफिसात बसणारे कितीतरी लोक आधी मागावर होते. आधी जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख ठेवणारा, मग सुपरवायझर, आता स्टोअर नाहीतर डिस्पॅच. यंत्रमागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. तिथं वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाच्या कानातून आधी उंच पट्टीतले बारीक आवाज जातात. स, श, फ ही अक्षरं एकमेकांत मिसळतात. शांत खोलीत त्याचं निभतं. चाळीस माणसांच्या गलक्यात तो नुसती मान हलवतो, आणि लोक म्हणतात, याचं कामात लक्ष नाही. काच, फरशी आणि गुळगुळीत छत असलं की आवाज आदळत राहतो. भिंतींवर तुमच्याच जाड जकार्ड चादरी लाकडी चौकटीत ताणून लावा, मागे दोन इंच पोकळी ठेवून, आणि आग लवकर धरणार नाही अशी प्रक्रिया करून. घुमणं बरंच कमी होतं. मीटिंगला गोल टेबल घ्या. बोलणाऱ्याच्या पाठीशी खिडकी नको, चेहऱ्यावर उजेड हवा, म्हणजे ओठ दिसतात. हे एवढं केलंत तर सगळ्यात जुन्या माणसांना कुणी तरी आपला विचार केला असं वाटेल.

स्वच्छतागृहं त्याच मजल्यावर हवीत, पॅकिंगशेजारी, आवारापलीकडे नकोत. संडास लांब आणि तिथलं पाणी पुरवून वापरायचं म्हणून बायका दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. टाकी मोठी करा. बैठं संडास आणि कमोड दोन्ही ठेवा. आत साडी-ओढणीला हूक, पॅडसाठी झाकणाचा डबा. व्हीलचेअरच्या स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडणारं, आत दीड मीटर वळायला जागा आणि भिंतीला पकडायला दांडा. त्यात झाडू-बादल्या ठेवायच्या नाहीत, ही जबाबदारी एका माणसावर नाव घालून द्या.

कॅफेत उंच स्टुलं नकोत. पॅकिंगच्या बायका गोल करून बसतात, कडक भाकरी आणि शेंगाचटणी एकमेकींच्या डब्यात जाते. त्यांना दीड फूट उंचीचा रुंद ओटा द्या, शेजारी पाठीच्या खुर्च्या आणि साधी टेबलं.

आता हे सगळं मी सांगतेय म्हणून करू नका, त्यांना विचारा. ऑफिसच्या ईमेलवर फॉर्म पाठवलात तर ज्यांच्याकडे ईमेल आहे त्यांचीच मतं येतील. पॅकिंगमध्ये घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या बायका असतील. त्यांच्यातलीच एखादी सोबत घ्या, सुपरवायझरला बाहेर ठेवा, नकाशा जमिनीवर पसरा आणि बोलू द्या. पाट्याही त्यांना वाचता येतील अशा, चित्रांसह. व्हीलचेअर वापरणाऱ्या आणि न दिसणाऱ्या एकेका व्यक्तीला नकाशा पक्का होण्याआधी बोलवा आणि त्यांना सल्ल्याची फी द्या, जशी डिझायनरला देता. बिनपैशाचा उपकार मागू नका. मालकांनाही या सल्ल्याच्या बैठकीला बोलवा, फक्त त्यांनी शेवटी बोलावं.

प्रश्न : आमचं होटगी रोडला भाड्याचं ऑफिस आहे, पहिला मजला, पंधरा माणसं, लिफ्ट नाही. घरमालक तोडफोड करू देत नाही. आम्ही काय करणार?
– एक वाचक

उत्तर : बरंच काही. मुलाखती आणि ग्राहकांच्या भेटी खाली घेता येतील अशी एक खोली त्याच इमारतीत किंवा शेजारी भाड्यानं बघा. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी आणि पुरेसा दिवा, यासाठी काही तोडावं लागत नाही. गोल मुठी काढून दारांना दांडीची हँडल लावा. वाकड्या बोटांनी किंवा हातात फायली असताना कोपरानंही ती उघडतात. एखाद्याला जिना चढणं अवघड झालं तर त्याचं टेबल खालच्या खोलीत हलवा, पण रोजच्या बैठकीलाही मग सगळ्यांनी खाली उतरायचं. भाडेकरार नव्यानं कराल तेव्हा उतार आणि कठड्याची परवानगी त्यात लिहून घ्या, आणि नवी जागा शोधत असाल तर तळमजलाच बघा.