काटा कुठल्या हातात?

प्रिय चिमू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. मागे मिक्सर चालू होता, तरी तक्रार नीट समजली. इथे इंग्लंडमध्ये, स्विंडनला, शाळेत बाई सांगतात, काटा डाव्या हातात धर. तिथे गोव्यात फोंड्याला आजी सांगते, डाव्या हाताने जेवायचं नाही. आणि नाताळला शेजारच्या आंटींकडे जेवायला गेलात, तर तिथे सगळेच डाव्या हाताने काटा तोंडात घालत होते आणि आजी गप्प. म्हणजे प्रश्न दोन. खरं कोणाचं? आणि आजी आंटींना का नाही ओरडली?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. आजी तिथे पाहुणी होती.

आता पहिला. उद्या दुपारी जेवताना आजीच्या डाव्या हाताकडे बघ. तो मांडीवर नुसता पडून नसतो. उजव्या हाताची बोटं हुमणात (माशाच्या कालवणात) माखलेली असतात, म्हणजे उष्टी. आणखी भात हवा झाला की ती डाव्या हाताने पळी उचलते, पाण्याचा पेलाही डाव्यानेच. उष्टा हात पळीला लागला तर अख्खं पातेलं उष्टं झालं, मग ते दुसऱ्याला कसं वाढणार? एका हाताने खरकटं व्हायचं, दुसऱ्याने कोरडं राहायचं, अशी ही वाटणी आहे. आणखी एक कारण तुला ठाऊक आहे, जेवणाच्या पत्रात ते एका ओळीत उरकतो: संडासात पाण्याने धुण्याचं काम डाव्या हाताचं. म्हणून नैवेद्य, प्रसाद, घास, सगळं उजव्याने.

आणि उजव्यानेही वाटेल तसं नाही. आजीचा तळहात कधी माखलेला पाहिलास? बोटांची दोन पेरं, बस्स. उकड्या तांदळाचा भात सुटा असतो, तो हुमणात कालवून बोटांच्या टोकांवर गोळा करायचा, तोंडापाशी न्यायचा आणि अंगठ्याने मागून आत सारायचा. बोटं तोंडात जात नाहीत. तू पूर्ण मूठ भरतेस, त्याला आजी काय म्हणते ते मी इथे लिहीत नाही. बांगडा असला तर ती आधी पाठीकडून बोट फिरवते, मधला कणा अख्खा उचलून ताटाच्या कडेला ठेवते, आणि मग प्रत्येक तुकडा भातात घेताना अंगठा आणि पहिल्या बोटात एकदा दाबून बघते. माशाचा बारीक काटा डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतो. साहेबाने माशासाठी वेगळी बोथट, पसरट सुरी काढली आहे. ती कण्यावरून मांस छान उचलते, पण त्या बारीक काट्यांपुढे तिचं काही चालत नाही. माझं मत विचारशील तर काटेरी मासा हातानेच खावा.

इंग्रजांचं गणित वेगळं आहे. त्यांचा हात अन्नाला लागतच नाही, त्यामुळे उष्टा हात आणि कोरडा हात हा प्रश्नच उरत नाही. तिथे प्रश्न आहे मांस कापायचा. कापायला जोर आणि नेमकेपणा लागतो, म्हणून सुरी उजव्या हातात, आणि तुकडा दाबून धरायला काटा डाव्यात. सुरीची मूठ तळहातात, पहिलं बोट पात्याच्या पाठीवर. पेनासारखी धरली की नाकं मुरडतात. काट्याची टोकं खाली आणि तसाच तो तोंडात, त्यामुळे वाटाणे काट्याच्या पाठीवर बटाट्याने चिकटवून खायची कसरत. हे ज्याने ठरवलं त्याला वाटाणे आवडत नसावेत. सुरी मात्र तोंडात कधीच घालायची नाही, जेवण झालं की काटा आणि सुरी ताटात शेजारी शेजारी ठेवायची, म्हणजे वाढणाऱ्याला कळतं.

गंमत म्हणजे गोऱ्यांतही एकमत नाही. अमेरिकेत पुष्कळ लोक सुरीने तुकडा कापतात, सुरी ताटाच्या कडेला ठेवतात, काटा डाव्या हातातून उजव्या हातात घेतात आणि मग खातात. पुढच्या तुकड्याला पुन्हा हीच अदलाबदल. युरोपातही पूर्वी अशी पद्धत होती, नंतर त्यांनी सोडली. दुसऱ्या महायुद्धात युरोपात पाठवायच्या अमेरिकन हेरांना ही सवय मोडायला शिकवत, कारण शत्रूच्या देशातल्या खाणावळीत काटा उजव्या हातात गेला की माणूस ओळखला जायचा. थायलंडमध्ये तर घास चमच्याने घेतात. चमचा उजव्या हातात, डाव्यातला काटा फक्त भात चमच्यावर ढकलायला. पणजीच्या हॉटेलात आपले लोक बिर्याणी बहुतेक अशीच खातात. आजीलाही हे चालतं, कारण तोंडात जातो तो उजवा हात. तिच्या हिशेबाने अमेरिकन माणूससुद्धा पास, नापास एकटा इंग्रज.

आता आंटींच्या घराकडे येऊ. तुला वाटलं असेल, पोर्तुगीज आले आणि त्यांनी काटा-सुरी आणली. इतकं सरळ नाही. अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतला तेव्हा त्याच्या शिपायांकडे कसले काटे असणार! युरोपात तेव्हा बहुतेक लोक सुरीने कापत आणि बोटांनी खात. इटलीत काटा लवकर रुळला होता, पण टॉमस कोरिअट नावाच्या इंग्रज प्रवाशाने तिथे तो पाहून १६११च्या आपल्या पुस्तकात त्याचं कौतुक केलं, तर त्याच्या देशात लोकांनी त्याची टिंगल केली. म्हणजे गोव्यात पोर्तुगीज येऊन शंभर वर्षं झाली, तरी इंग्लंडमध्ये काटा हा चेष्टेचा विषय होता. हे तुझ्या शाळेतल्या बाईंना सांगू नकोस. किंवा सांग.

आणि गोव्यात? १५८०च्या दशकात लिन्सखोटेन नावाचा एक डच माणूस गोव्याच्या आर्चबिशपकडे नोकरीला होता. त्याने मायदेशी जाऊन सगळं लिहून ठेवलं, ते १५९६ साली छापलं गेलं. तो लिहितो की गोव्यात पोर्तुगीजांच्या बायका रोज भात आणि कालवण हातानेच खात, आणि कोणी चमच्याने खाताना दिसला तर त्याला हसत. पाणी पिताना भांडं ओठांना लावायचं नाही, वरून धार सोडायची, ही आजीची पद्धत त्या घरांतही होती. पोर्तुगालहून नुकताच उतरलेला माणूस तसं प्यायला गेला की पाणी छातीवर सांडायचा आणि सगळे खो खो हसायचे. तू परवा तांब्याने पाणी पिताना फ्रॉक भिजवलास, आणि आजोबांनी लगेच मला व्हिडिओ पाठवला. तशी ही परंपरा चारशे वर्षांपेक्षा जुनी आहे.

हसण्यापर्यंत ठीक होतं, पुढे सक्ती आली. ताटात सगळ्यात आधी मीठ वाढतात, हे आजीने तुला दाखवलंच असेल. आपल्याकडे भात अळणी शिजवून मीठ वरून घ्यायची रीत. इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, १७३६ साली जे फर्मान काढलं, त्यात ख्रिस्ती झालेल्या लोकांनी हिंदूंप्रमाणे असा बिनमिठाचा भात शिजवायचा नाही, हेही एक कलम होतं. तुळस, विड्याची पानं, लग्नातल्या रीती, सगळ्यावर नजर, आणि त्यात भाताचं मीठही. फोंडा तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता, तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेला. म्हणून तर पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या सासष्टी-तिसवाडीतल्या देवळांतले देव फोंड्याकडे आणले, आणि आजीकडचं ताट आहे तसं राहिलं. आंटींचं मूळ गाव सासष्टीतलं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या ताटावर पहारा होता. पुढे कधीतरी मेज आलं, काटा-सुरी आली, आणि आता ती त्यांचीच आहे, उसनी नाही. पण एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी न सांगता जा. आंटी शीत-कडी हातानेच जेवत असतील.

तर १ तारखेला पुन्हा त्यांच्याकडे जेवण आहे, तेव्हा काय करायचं ते सांगतो. काटा डाव्या हातात धर, शाळेत धरतेस तसाच. आजी बघेल, पण बोलणार नाही. रोस्ट काट्या-सुरीने. सान्नां (इडलीसारखी) हाताने मोडून सोरपोतेलात, म्हणजे डुकराच्या मांसाच्या रश्श्यात, बुडवायची, तिथे मेजावर कोणीच सुरी उचलत नाही. शंका आली तर आंटी काय करतात ते बघ आणि अर्ध्या मिनिटाने तेच कर. पोट भरलं की काटा-सुरी शेजारी शेजारी ठेव, नाहीतर आंटी आणखी वाढतील. ठेवलीस तरी वाढतील म्हणा. घरी आलीस की पुन्हा आजीचं राज्य, उजवा हात.

आणि पुढच्या मेसेजमध्ये तू दादाचं नाव काढणार हे मला माहीत आहे. तो डावखुरा आहे आणि डाव्या हातानेच जेवतो, त्याला आजी काही म्हणत नाही. त्याच्या बाबांना तिने लहानपणी उजव्याने जेवायला लावलं होतं, नातवाच्या वेळेला सोडून दिलं. फक्त पंगतीत ती त्याला डावीकडच्या टोकाला बसवते, शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागू नये म्हणून. तुला ही सवलत नाही, तू डावखुरी नाहीस.

बेबिंक, तो पदरापदरांचा केक, काट्याने खा. एकेक पदर सोलत बसलीस तर आंटी हसतील, आजी डोळे वटारेल, आणि आजोबा व्हिडिओ काढतील.

तुझा,
बाबा