संत्र्याची फळगळ आणि समुद्री शेवाळाची बाटली

प्रश्न (काटोल तालुका, एप्रिलअखेर): साहेब, आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांची) बोराएवढी फळं गळून राहिली. कृषी केंद्रवाला म्हणतो, तपकिरी समुद्री शेवाळाचं टॉनिक मारा, त्यात अँटीऑक्सिडंट आहेत. लिटरला 10 मिली, दर आठ दिवसांनी, अन् कॅल्शियम नायट्रेट त्याच टाकीत. मारू का?

उत्तर: 10 मिली नाही. दर आठ दिवसांनी नाही. कॅल्शियम नायट्रेटसोबत तर मुळीच नाही.

शेवाळ खोटे नाही. ओहोटीला उघड्यावर पडणारी, ऊन आणि खारे पाणी सोसणारी ही वनस्पती स्वतःच्या बचावासाठी फ्लोरोटॅनिन आणि फ्यूकोझँथिन ही अँटीऑक्सिडंट द्रव्ये तयार करते. शिवाय लॅमिनॅरिन, फ्यूकॉइडन, अल्जिनिक आम्ल, मॅनिटॉल. पण बाटलीतले अँटीऑक्सिडंट उचलून फळात बसत नाहीत. लॅमिनॅरिनसारखी द्रव्ये झाडाला इशारा देतात आणि झाड आपली संरक्षक विकरे (एन्झाइम) वाढवते. इशारा ताण येण्याआधी द्यायचा असतो. पारा 45 च्या घरात गेल्यावर आणि खाली फळांचा सडा पडल्यावर फवारून गळलेले फळ परत चिकटत नाही. वेळ मार्चची होती, ती गेली.

आता प्रमाण. पानांवर फवारायच्या बहुतेक द्रवांच्या लेबलवर लिटरला 2 ते 3 मिली असते. तुमच्या बाटलीवर जे असेल तेच घ्या, दुकानदाराच्या तोंडचे नको. या अर्कात क्षार असतात. उन्हात तिप्पट ते पाचपट मारले तर कोवळी पाने करपतात. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. दुपारी नाही म्हणजे नाही.

मिश्रणाचे ऐका. शेवाळातले अल्जिनेट आणि कॅल्शियम एकत्र आले की जेलीसारख्या गाठी होतात. नोझल तुंबते, पंपवाला शिव्या घालतो आणि दोन्हींचे पैसे पाण्यात. मोरचूदयुक्त (कॉपर सल्फेटच्या) औषधाचेही तेच. विहिरीचे पाणी जड (कॅल्शियमयुक्त) असेल तर आधी बादलीत थोडे मिसळून बघा.

बाटली हातात आहे तर लेबल वाचा. एस्कोफायलम किंवा सरगॅसम लिहिले असेल तर शेवाळ तपकिरी. कप्पाफायकस असेल तर ते लाल शेवाळ. तेही उपयोगाचे आहे, पण मग फ्यूकॉइडन-लॅमिनॅरिनच्या बाता खोट्या. द्रव काळा आहे म्हणून शेवाळ तपकिरी ठरत नाही. 2021 पासून असली टॉनिके, म्हणजे जैवउत्तेजके, खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. त्यामुळे लेबलवर तपशील नसेल, पक्के बिल मिळत नसेल, तर बाटली परत करा आणि तालुका कृषी कार्यालयात कळवा.

फळगळीचे खरे कारण बहुतेक बागांत पाण्यात सापडते: आठ दिवस कोरडे, मग एकदम पाटाचे भरपूर पाणी. आधी ते थांबवा. दुहेरी आळे करा. आतल्या आळ्यात खोड कोरडे राहील, पाणी बाहेरच्या आळ्यात, फांद्यांच्या घेराखाली. खोडाला पाणी लागले की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा बुरशीजन्य रोग), आणि डिंक्याच्या झाडावर कुठलेही टॉनिक चालत नाही. खोडाला बोर्डो पेस्ट (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी) पावसाळ्याआधी आणि नंतर. आळ्यात गवताचे आच्छादन. मी प्रत्येक बागेत हेच सांगतो, आणि दुकानदाराला हे आवडत नाही, कारण यात विकायला काही नाही. गळ तरीही थांबली नाही तर जिब्रेलिक आम्ल 1.5 ग्रॅम, थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून 100 लिटर पाण्यात. हे संजीवक (वाढीचे संप्रेरक) आहे, शेवाळाचे टॉनिक नव्हे. दुकानात दोन्ही ‘टॉनिक’ म्हणूनच विकतात, सांभाळा.

पाणी नेमाने द्यायचे तर ठिबक आहे. त्याला अनुदान अल्प-अत्यल्प भूधारकांना 80 टक्के, इतरांना 75, मर्यादा 5 हेक्टर. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर.

प्रश्न (नरखेड): डिसेंबरमध्ये बाग ताणावर (बहारासाठी पाणी तोडलेली) असताना हे शेवाळाचं टॉनिक मारलं तर बहार जास्त फुटेल का?

उत्तर: नाही. ताणावरच्या बागेला उत्तेजक द्यायचे नाही. ताण तुटला तर फुलाऐवजी पालवी येते आणि कोवळ्या पालवीवर सायला, नागअळी या किडी तयारच. ताणात फवारणी सांगणाऱ्याला एकच विचारा: झाडे त्याची आहेत की तुमची?

प्रश्न (सावनेर): सोयाबीनला शेवाळाचं टॉनिक चालेल का?

उत्तर: चालेल, फुलोऱ्याआधी एकदा, लेबलच्या प्रमाणात. पण बीजप्रक्रिया चुकली असेल तर ती चूक टॉनिकने भरून निघत नाही.