गोव्यात घर घेताय? आधी मालकाचं लग्न बघा

सातबारा पाहिला, मालकाला भेटलो, टोकन दिलं, असं गोव्यात करू नका. पहिला प्रश्न विचारा: मालकाचं लग्न झालंय का, आणि लग्नाआधी मिळकतीचा करार केला होता का? 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा 1961 नंतरही तिथे कायम राहिला. वेगळा करार नसेल, तर नवरा-बायकोची मिळकत साधारणपणे सामाईक, निम्मी-निम्मी. म्हणून एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा म्हणा) एकट्या नवऱ्याचं नाव असलं तरी खरेदीखतावर बायकोची सही हवीच. (उतारा म्हणजे मालकी नव्हे, हे वेगळंच.)

खरी मेख वारसांत आहे. बापाच्या वाट्यातला निम्मा हिस्सा मुलांसाठी कायद्यानेच राखीव. बापाला मृत्युपत्र करून तो उडवता येत नाही. आजोबा वारल्यावर ‘इन्व्हेंटरी’, म्हणजे वारस आणि मिळकत नोंदवून वाटणी करायची कोर्टातली प्रक्रिया, झाली का, ते विचाराच. नसेल, तर लिस्बनला स्थायिक झालेल्या आतेची, वर तिच्या यजमानांचीही सही लागू शकते. विकणारा म्हणेल, “आत्या काही बोलणार नाही हो!” तोंडी भरवशावर जाऊ नका.

वारशाची कलमं आता 2012 च्या गोव्याच्या कायद्यात आली, गाभा बराचसा तोच. वकील मात्र तिथलाच गाठा, जुने पोर्तुगीज दस्त वाचता येणारा.