पद्मिनीच्या प्लग वायरी: आधी अंतर, मग आवरण

तुम्ही लिहिलंय की तुमची प्रीमियर पद्मिनी गाडी कोरड्यात बरी चालते, पाऊस लागला की चढावर मिसिंग करते (मध्येच एखादा सिलिंडर पेटत नाही), आणि मेकॅनिक चारही प्लग वायरी, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरकडून स्पार्क प्लगला वीज नेणाऱ्या तारा, एकत्र गुंडाळून टेप मारायला सांगतोय. कृपा करून गुंडाळू नका. माझ्या गाडीला एका गॅरेजने हेच केलं होतं. बोनेट उघडलं की देखणं दिसायचं, पण कशेडी घाटात गाडी असे गचके देऊ लागली की मी प्लग, पॉइंट, कंडेन्सर सगळं बदलून बसलो. शेवटी ती टेप कापली तेव्हा गाडी सुधारली.

आपल्या इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. म्हणजे ३ नंतर लगेच ४, आणि २ नंतर लगेच १. शेजारचेच सिलिंडर लागोपाठ पेटतात. ३ च्या वायरीतून हजारो व्होल्टचा झटका जातो तेव्हा तिला चिकटून समांतर गेलेल्या ४ च्या वायरीतही तो थोडाफार उमटतो. त्या क्षणी ४ चा पिस्टन अगदी खाली असतो, ताजं मिश्रण भरलेलं, नुकतं दाबायला निघालेलं. ते तेव्हाच पेटलं तर गचका बसणारच, आणि पिस्टनलाही मार. म्हणून ३-४ आणि १-२ या जोड्यांमध्ये निदान बोटभर मोकळी जागा ठेवा. ओलांडावंच लागलं तर एकीवरून दुसरी काटकोनात जाऊ द्या. सीएनजी असेल तर हे आणखी कसोशीने पाळा, कारण त्याला ठिणगीसाठी व्होल्टेज जास्त लागतं.

अंतर राखायला महागडे सेपरेटर नकोत. पांढरी सिलिकॉनची नळी घ्या, दोन-दोन इंचांचे तुकडे करून उभे चिरा आणि वायरींवर चढवा. मग दोन तुकड्यांभोवती केबल टाय इंग्रजी आठासारखा फिरवा, मध्ये गाठ येते आणि वायरी लांब राहतात. टाय करकचून ओढू नका. वायर आतल्या आत फिरली पाहिजे. रेडिएटरच्या जुन्या काळ्या पाइपाचे तुकडे वापरायचा मोह होईल, पण त्या रबरात कार्बन असतो, तो इथे नकोच.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळून (इंजिनातून धूर बाहेर नेणारा तापलेला भाग) जाणाऱ्या वायरीला फायबरग्लासची स्लीव्ह, म्हणजे नळीसारखं आवरण, घाला. मोटर वाइंडिंगच्या सामानाच्या दुकानात ती मीटरवर मिळते, स्वस्तात काम होतं. ती उष्णतेपासून आणि घासण्यापासून वाचवते, एवढंच. वायरीचं इन्सुलेशन तडकलं असेल तर स्लीव्हने ते झाकलं जाईल, दुरुस्त होणार नाही. साधी पीव्हीसी टेप तर या जागी लावूच नका, वितळून चिकट लगदा होतो आणि त्यात धूळ-ओल धरून बसते.

वायरीचा आधार इंजिनलाच द्या, बॉडीला बांधू नका. इंजिन माउंटिंगवर हलतं, बॉडी हलत नाही, आणि बॉडीला बांधलेली वायर हळूहळू डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपमधून उपसली जाते. पत्र्याच्या क्लिपा असतील तर धारेवर रबर चढवा. फॅन आणि बेल्टपासून लांब ठेवणं आलंच.

काढताना वायर ओढू नका, बूट (वायरीच्या टोकाचं रबरी टोपण) धरून थोडा पिळा आणि मग उचला. बसवताना बुटाच्या आत सिलिकॉन ग्रीस जरासं लावा. पाणी आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी बूट चिकटून फाटत नाही. काढण्याआधी प्रत्येकीवर नेलपेंटने नंबर टाका.

पण हे सगळं करण्याआधी दोष शोधा. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर दुरून पाण्याचा बारीक फवारा मारा. हात आणि सैल कपडे लांब. जिथे निळसर ठिणगी उडेल ती वायर बाद. ठिणगी दिसली नाही तर इंजिन बंद करून मल्टिमीटर लावा. कार्बनच्या वायरीला फुटामागे काही हजार ओहम दाखवतो, आणि लांबीच्या मानाने चौघींचे आकडे जुळले पाहिजेत. एखादी काहीच दाखवत नसेल तर ती आतून तुटलेली आहे.

वायरी चांगल्या निघाल्या आणि पावसात तरी मिसिंग राहिलं, तर डिस्ट्रिब्यूटरची कॅप उघडून उजेडात आतून बघा. दोन टोकांच्या मध्ये केसासारखी काळी रेघ दिसली, तर वायरींवर आणखी पैसे घालू नका, कॅप बदला.