धार्मिक अर्थाचं पण फारसं न ऐकलेलं नाव हवंय? आधी घरातल्या स्तोत्रात शोधा

सर्वात आधी, लेकीच्या आगमनाबद्दल मनापासून अभिनंदन!

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: नावाला देवाधर्माचा अर्थ हवा, पण आर्या, ईश्वरी, अन्वी नको, कारण ओळखीत त्या नावाच्या दोन-दोन मुली आहेत. बारसं आठवड्यावर आलंय, नणंदेने पाठवलेली दोनशे नावांची यादी वाचून झाली आणि एकही मनात भरलं नाही. मी बरीच वर्षं संस्कृत शिकवते. त्यामुळे आमच्या गोतावळ्यात बाळ झालं की नावासाठी पहिला फोन मला येतो. त्या अनुभवावरून लिहिते, जरा लांबेल.

ती यादी खरंच बाजूला ठेवा. अशा याद्यांत कुठल्याही गोड शब्दापुढे 'देवीचं नाव' किंवा 'सूर्याचा पहिला किरण' असं लिहून मोकळे होतात. 'शनाया', 'मायरा' यांना संस्कृतात मूळच सापडत नाही. 'अनाया'चा अर्थ 'ईश्वरी कृपा' असा छापतात, आणि संस्कृतात 'अनय' म्हणजे अनीती, वाईट वर्तन. ज्यांना नुसता नाद आवडतो त्यांनी ही नावं जरूर ठेवावीत. पण तुम्हाला अर्थ हवा आहे. उद्या मुलीने विचारलं, "माझं नाव कुठून आलं?" तर तिला ती ओळ म्हणून दाखवता यायला हवी.

तुम्ही लिहिलंय की सासूबाई रोज श्रीसूक्त म्हणतात. मग नाव घरातच आहे. पंधरा ऋचांच्या त्या सूक्तात लक्ष्मीची कितीतरी विशेषणं आहेत आणि बहुतेक आपण कधी हाक म्हणून ऐकलेलीच नसतात. हिरण्मयी म्हणजे सोन्याची, सुवर्णकांतीची. पुष्करिणी म्हणजे कमळांचं तळं. अनपगामिनी म्हणजे सोडून न जाणारी. अर्थ इतका सुंदर की डोळ्यांत पाणी यावं, पण सहा अक्षरांची हाक कोण मारणार? देवजुष्टा म्हणजे देवांना प्रिय असलेली. हे मला फार आवडायचं, पण एकदा मोठ्याने म्हणून बघा. मराठी कानाला त्यात 'उष्टा' ऐकू येतं आणि शाळेतल्या मुलांनाही तेच ऐकू येणार. त्याच सूक्तात 'करीषिणी' आहे. करीष म्हणजे वाळलेलं शेण. गोधन हीच संपत्ती होती, त्या काळातली लक्ष्मी ती. शब्द पवित्रच आहे, पण आजच्या मुलीला तो पेलायचा नाही.

म्हणजे स्तोत्रात आलं एवढ्याने नाव ठरत नाही. देवीमाहात्म्य सांगणाऱ्या दुर्गासप्तशतीच्या पाचव्या अध्यायातली 'या देवी सर्वभूतेषु' ही स्तुती घ्या. तिथे देवी चेतना, श्रद्धा, स्मृती, तुष्टी या रूपांत आहे, तशीच क्षुधा, निद्रा आणि भ्रांती या रूपांतही आहे. सगळी तिचीच रूपं, पण भ्रांती नाव कोणी ठेवणार नाही. त्यातलंच 'क्षांती' बघा. क्षांती म्हणजे सहनशील क्षमा. दुर्मिळ आहे, अर्थ स्पष्ट आहे. अडचण एकच, दर वेळी "शांती नाही, क्षांती" असं सांगावं लागेल.

माझी एक चूक सांगते. भाचीला मुलगी झाली तेव्हा मी हौसेने 'स्वधा' सुचवलं. ललितासहस्रनामात, म्हणजे देवीच्या हजार नावांच्या स्तोत्रात आहे, सप्तशतीत आहे, दोनच अक्षरं, म्हणायला सोपं. सगळ्यांना आवडलं. फक्त तिच्या आजेसासूबाई गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "अगं, श्राद्धात पितरांना देताना म्हणतात तो शब्द हा. पाळण्यात कसा म्हणू?" आणि त्यांचं बरोबर होतं. अर्थ कोशात बघितला, पण तो शब्द घरात कोणत्या प्रसंगी उच्चारला जातो ते मी बघितलंच नव्हतं. शेवटी 'शर्वाणी' ठेवलं. तेही ललितासहस्रनामातलंच, शर्वाची म्हणजे शंकराची पत्नी. असंच 'स्वाहा' देवांना आहुती देताना म्हणतात, पण मराठीत 'स्वाहा केलं' म्हणजे गिळून टाकलं. 'त्वेषा'चं मूळ वेदात तेजाचं आहे, आपल्या बोलीत मात्र त्वेष म्हणजे आवेश, संताप. 'निर्माल्या' हे नावही मी एका यादीत पाहिलंय. निर्माल्य म्हणजे देवावरून उतरवलेली फुलं, हे ठेवणाऱ्याला कोणीतरी सांगायला हवं.

स्तोत्रांपलीकडे दुसरी खाण म्हणजे ऋग्वेदातल्या ऋषिका, म्हणजे सूक्तं रचणाऱ्या स्त्रिया. गार्गी, मैत्रेयी ही उपनिषदातली नावं आता बरीच रुळली, पण विश्ववारा अजून क्वचितच ऐकू येतं. अत्रिकुळातली ही ऋषिका पाचव्या मंडलातल्या अग्निसूक्ताची द्रष्टी. विश्ववारा म्हणजे सर्वांना हवीहवीशी. लाडाने विशू म्हणता येतं. लोपामुद्रा आहे, घोषा आहे. अपाला मात्र जपून, तिच्या कथेत त्वचारोग आणि नवऱ्याने टाकणं आहे. इंद्राने तिला बरं केलं हा शेवट चांगला, तरी घरातल्यांना आधी सगळी कथा सांगा आणि मग ठरवा. चंद्राच्या तिथींच्या वैदिक देवताही आहेत: पौर्णिमेची राका, तिच्या आदल्या दिवशीची अनुमती, अमावास्येची कुहू. अरण्याची देवता अरण्यानी हिच्यासाठी दहाव्या मंडलात स्वतंत्र सूक्त आहे. योगसूत्रातलं ऋतंभरा, म्हणजे सत्य धारण करणारी, हेही माझ्या अगदी आवडीचं.

आणि आपल्या संतपरंपरेकडे लोक का बघत नाहीत ते मला कळत नाही. मुक्ता सगळ्यांना आठवते. पण चोखोबांची बहीण निर्मळा, समर्थांची शिष्या वेणा, महानुभावांची महदंबा? निर्मळा हे नाव 'निर्मला'पेक्षा किती आपलं वाटतं! तुमच्याकडे दत्तभक्ती असेल तर अनसूया घ्या. अन् अधिक असूया, जिच्या मनात मत्सर नाही ती. बोलण्यात त्याचं 'अनुसया' झालं आणि अर्थच हरवला. दाखल्यावर नीट 'अनसूया' लिहा.

जन्माक्षराची चिंता करू नका. परंपरेने नावं चार: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. पत्रिकेतलं अक्षर नाक्षत्रनामासाठी. ते वेगळं ठेवा, रोजच्या हाकेचं वेगळं. शिवाय आर्द्रा नक्षत्राच्या चरणांत 'ङ' आहे, हस्त नक्षत्रात 'ण' आहे, त्यांवरून कुठलं नाव सुरू होणार? घरातल्या संस्कारांचे नियम सांगणाऱ्या पारस्कर गृह्यसूत्रात मुलीचं नाव विषम अक्षरांचं आणि आकारान्त, म्हणजे शेवटी 'आ' असलेलं, असावं असं आहे. निर्मळा त्यात बसतं, हिरण्मयी बसत नाही. मी याला फार महत्त्व देत नाही, पण घरात कोणी विचारलं तर माहीत असलेलं बरं.

ऋ, ष, ज्ञ असलेलं नाव घेणार असाल तर इंग्रजी स्पेलिंग आजच ठरवून एका कागदावर लिहा. ऋतंभराचं कोणी आर-यू लिहितं, कोणी आर-आय, आणि मग दाखला, आधार, पासपोर्ट तिन्हीकडे मुलगी वेगळी.

बारशापर्यंत नाव नाहीच ठरलं तरी काही अडत नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव नंतर 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं आणि त्यापुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. बारशाला आत्याने पाळण्यातलं एखादं नाव कानात सांगावं, कागदावरचं सावकाश ठरवावं.

आज संध्याकाळी एवढं करा. बाळाला मांडीवर घेऊन सासूबाईंजवळ बसा आणि त्यांना श्रीसूक्त नेहमीपेक्षा हळू, शब्द सुटे करून म्हणायला सांगा. एखादा शब्द कानाला लागला की त्यांना थांबवा आणि त्याच शब्दाने बाळाला हाक मारा. मग दुसऱ्या खोलीत जाऊन तीच हाक जरा मोठ्याने, जेवायला बोलावतो तशी मारा. आणि कुठला शब्द लागला ते इथे लिहा, त्याचा अर्थ आणि घरात तो कुठे येतो ते मी पाहून सांगेन.